गर्दीत मोकळी जागा उरते का?



वैशाख जवळ आला की आपल्याकडे उत्सवांची रांग लागते. बेळगावात परंपरेप्रमाणे वैशाखातली शिवजयंती आणि रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक, गोव्यात शिरगावची लईराईची जत्रा, गावोगावच्या यात्रा आणि पालख्या. आम्ही सेवेकरी भगिनी पाणी, ताक, हरवलेली मुलं सांभाळणं अशी कामं वाटून घेत होतो, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "गर्दीत शेजारच्याने सिगारेट पेटवली तर त्याला सांगायचं का? आणि सांगायचा आपल्याला अधिकार काय?" प्रश्न साधा वाटला, पण त्यावर बराच वेळ बोलणं झालं. त्यातून जे सुचलं ते इथे मांडतो.

आधी कायदा पाहू. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध आदेश दिला. २००३ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नवे नियम लागू झाले. गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्यात दंड २०० रुपयांपर्यंत आहे, कर्नाटकात २०२५ पासून तो १००० रुपयांपर्यंत वाढला. पण केंद्राच्या कायद्यात मोकळी जागा वगळलेली होती. २००८ च्या नियमांनी खुलं सभागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसस्टॉप अशा वर्दळीच्या जागा बंदीत आणल्या. तरी रस्त्यावरून चालणारी मिरवणूक त्यात बसते की नाही, यावर वाद घालणारा घालतोच. "मी उघड्यावर ओढतोय, घरात नाही," हे वाक्य सगळ्यांनीच ऐकलेलं आहे.

आता थोडा विचार करू. मोकळ्या जागेला सूट द्यावी असं का वाटतं? दोन कारणांनी. धूर वाऱ्यावर विरून जातो, आणि ज्याला त्रास होतो तो चार पावलं बाजूला होऊ शकतो. मिरवणूक मारुती गल्लीत किंवा रामदेव गल्लीत शिरली की यातलं काय उरतं? खांद्याला खांदा लागलेला, पुढे चित्ररथ, मागे ढोल-ताशा. दमा असलेल्या आजी बाजूला होणार कुठे? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये बाहेरच्या धुराची मोजमापं प्रसिद्ध केली. सिगारेटपासून हातभर अंतरावर उघड्यावरही धूर बंद खोलीइतका दाट असू शकतो आणि दोनेक मीटरपलीकडे तो झपाट्याने कमी होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे सगळा प्रश्न अंतराचा आहे, आणि गर्दीत नेमकं अंतरच नसतं.

म्हणून आम्हाला वाटतं, जागा मोकळी आहे की नाही हे वर आभाळ दिसतं का यावरून ठरू नये. शेजारच्याला तिथून निघता येतं का, यावरून ठरावं. ज्याला हलता येत नाही, त्याच्यापुढे माझं स्वातंत्र्य आवरतं घेणं हा माझा धर्म आहे, कायद्यात लिहिलेलं असो वा नसो.

धुराइतकाच विस्तवही महत्त्वाचा आहे. उभ्या माणसाने हात खाली सोडला की सिगारेटचं पेटतं टोक लहान मुलाच्या चेहऱ्याजवळ येतं. सिंथेटिक साड्या, मंडपाचं कापड, वाळलेलं गवत, उन्हाळ्यात हे पेटायला वेळ लागत नाही. २०१६ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ ऐन एप्रिल-मे महिन्यांत झाला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना कापडी तंबूंची ती वस्ती आठवत असेल. तिथे एका थोटकाची किंमत किती झाली असती!

बैठकीत आणखी एक शंका निघाली. "उदबत्ती, धूप, फटाके यांचा धूर चालतो, मग बिडीचाच का खुपतो?" ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उदबत्तीचा धूरही दमेकऱ्याला त्रासच देतो. आपला धूर पवित्र आणि दुसऱ्याचा वाईट, असं म्हणून चालणार नाही. तेव्हा गर्दीच्या ठिकाणी आपल्या पालखीपुढेही धूप बेताचाच ठेवू. नियम आधी स्वतःला लावला तरच तो दुसऱ्याला सांगता येतो.

आता सांगायचं कसं? इथेच खरी कसोटी आहे. ओढणारा माणूस कुणाचा तरी बाबा, काका, भाऊ असतो. दिवसभर मंडपाचे खांब रोवून दमलेला आपलाच सेवेकरीही असतो. चारचौघांत "लाज वाटत नाही का?" म्हटलं तर सिगारेट विझेलही, पण माणूस दुखावेल आणि कदाचित पुढच्या वर्षी सेवेला येणार नाही. सवय सोडणं किती कठीण असतं हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना ठाऊक आहे. आपण धुराला नाही म्हणतोय, माणसाला नाही.

म्हणून यंदा एवढं करू या. मंडपापासून आणि मुलांपासून दूर, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, वाळूची बादली ठेवून एक जागा नेमून देऊ. कुणी गर्दीत पेटवलीच, तर जवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं, "दादा, इथे लहान मुलं आहेत, तिकडे जागा केली आहे." आवाज चढला तर वाद न घालता स्वयंसेवक प्रमुखांना किंवा पोलिसांना कळवायचं. मुलांना सिगारेट-विडी आणायला दुकानात पाठवायचं नाही, घरच्या मोठ्यांनी सांगितलं तरीही नाही.

आणि ज्यांना ओढायची सवय आहे त्या आपल्या बंधूंना विनंती, रागावू नका. मिरवणुकीत शिरण्याआधी खिशातलं पाकीट घरी ठेवून या. उत्सवाच्या रात्री शेजारच्या अनोळखी मुलाला स्वच्छ श्वास मिळाला, तर तीही तुमच्या हातून घडलेली सेवाच.

हा लेख घरी मोठ्याने वाचावा आणि आपल्या भागातली जागा कुठे ठेवायची ते ग्रुपवर कळवावं.

आपल्या सेवेकरी भगिनी