स्वभाव आणि दोष

सहनशीलता आणि हयगय यांच्यातील सीमारेषा कुठे आखावी? जुन्या बुलेटवरून लांबचा प्रवास करणाऱ्याला हा प्रश्न नेहमीच भेटतो. १९५५ साली तत्कालीन मद्रासमध्ये जुळणी सुरू झालेल्या या मोटारसायकलीच्या जुन्या गाड्या घाईच्या किकला दाद देत नाहीत. अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून दट्ट्या किंचित पुढे सरकवायचा, खटका सोडायचा आणि मगच जोर लावायचा. हा तिचा स्वभाव. तो शिकून घ्यावा, त्यावर चिडू नये.

परंतु सैल झालेली साखळी हा काही स्वभाव नव्हे. धावत्या गाडीत ती निसटून अडकली, तर मागचे चाक जागीच थांबू शकते. तिथे ‘जुनी गाडी, चालायचेच’ असे म्हणणे ही सहनशीलता नसून हयगय होय. आणि तिची किंमत पाठीमागे विश्वासाने बसलेल्या माणसालाही मोजावी लागते.

घरात मात्र आपण नेमके उलट वागतो. वृद्ध वडिलांच्या संथपणावर चिडतो आणि स्वतःच्या तापटपणाला ‘माझा स्वभावच असा’ म्हणून मोकळे होतो. निघण्यापूर्वी साखळीचा ताण बोटाने दाबून पाहावा. तितकेच प्रामाणिक परीक्षण स्वतःचेही करावे.