बाळंतिणीचं पाणी

नागपुरात गांधीबागेतल्या डागा स्त्री रुग्णालयात गरिबाघरची बाई बाळंत होते, तेव्हा सुट्टी होईपर्यंत वाहता नळ आणि साबणाने धुतलेले हात यांची सोय दवाखान्याने करायची असते. मग ओली बाळंतीण बाळाला पदराखाली घेऊन ऑटोत बसते आणि आपल्या वस्तीत परतते. तिथं नळ ठरल्या वेळीच येतो.

पेंच नदीचं पाणी गोरेवाड्याच्या केंद्रात शुद्ध होतं, हे खरं. पण नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि जुना जोड नालीतून गेला असेल तर घाण आत शिरते. पाणी खेचायला कुणी नळाला टिल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढते. पहिली धार गढूळ येते ती त्यामुळे.

बाळाला तसं सहा महिने वरचं पाणी लागतच नाही. नागपूरच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. तरी पाणी त्याला गाठतं. सहाणेवर उगाळलेल्या गुटीतून, चमच्यातून, आणि सगळ्यात जास्त घरच्यांच्या हातांवरून.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. इकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्या काळजीत इंजेक्शनं होती, तशी स्वच्छताही होती.

मला मात्र गढूळ पाण्याइतकीच अपुऱ्या पाण्याची धास्ती वाटते. ड्रम तळाला गेला की स्वयंपाक थांबत नाही, चहा थांबत नाही. काटकसर होते ती हात धुण्यात. आणि नळ आल्यावर पाण्याचे गुंड उचलायला तीच उठते, जिचे टाके अजून ओले आहेत.

वस्तीतली आरोग्यसेविका, आशाताई, बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत घरी फेऱ्या घालते. बाळाचं वजन करते, ताप मोजते, नाळ बघते, हात कसे धुवायचे ते दाखवते. तिच्या नोंदवहीत एक रकाना वाढवायला हवा: सध्या या घरात पाणी कोण भरतं?