गरजेनंतरची गोधडी

पौडच्या आसपास गोधडी शिवायचा हंगाम भाताच्या वेळापत्रकावर बेतलेला असे. दिवाळीच्या आगेमागे भात घरात आलं, झोडणी उरकली, की बायकांच्या हाताला जरा सवड. मग दुपारी ओटीवर जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर तांबे नाहीतर दगड ठेवायचे आणि सुईत दोरा ओवायचा. मुळशीच्या पावसात भिजलेली गोधडी आठ-आठ दिवस वाळत नाही. म्हणून शिवण पावसाआधी संपवायची. मोठं धुणं पाऊस ओसरल्यावर, घट बसायच्या आधी, नदीवर.

या गोधड्यांतलं कापड आलं कुठून, याचा माग काढत गेलं तर तो पौडच्या पश्चिमेला, धरणाकडे नेतो. टाटांच्या धरणात गावं आणि भातखाचरं बुडणार म्हणून १९२१च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. सत्याग्रह मोडला, धरण झालं, पाणी बोगद्यांतून कोकणात भिऱ्याला उतरलं आणि १९२७पासून तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. मुंबईला वीज हवी होती, त्यातली मोठी भूक कापडगिरण्यांची. मग जमीन गेलेल्या आणि न गेलेल्याही घरांतली माणसं त्याच मुंबईत पोटासाठी गेली. कुणी गिरणीत, कुणी डबे पोचवायला. गावी येताना धोतरजोडी, पातळ घेऊन आली. ते धोतर आधी अंगावर विरलं, मग त्याचे पंचे झाले, मग बाळाची दुपटी झाली, आणि शेवटी उरलं ते गोधडीच्या पोटात गेलं. खोरं बुडवणाऱ्या विजेवर विणलेलं कापड त्याच खोऱ्यात थंडी अडवायला परत आलं असेल, हे मला या गोधड्यांबद्दलचं सगळ्यात चमत्कारिक सत्य वाटतं.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि सुती गिरणीकापडाची आधीच सैल झालेली वीण पुढे पार उसवली. टेरिलीन, नायलॉन, पॉलिस्टर तोवर घरात शिरलेच होते. ही कापडं विरत नाहीत, आणि गोधडीला विरलेलंच कापड लागतं. शंभरदा धुतलेल्या लुगड्यात सुई लोण्यासारखी जाते, त्याला घाम टिपता येतो, ते अंगाशी बसतं. सिंथेटिक साडीची गोधडी घसरते, थर एकमेकांवर ठरत नाहीत आणि पांघरलं की घामेजायला होतं. त्यात बाजारात ब्लँकेटं स्वस्त झाली. गोधडी मागे पडली याचं खापर नव्या सुनांच्या आळसावर फोडणं सोपं आहे, पण कच्चा मालच संपला होता, हे कुणी फारसं बोलत नाही.

आता पौड, पिरंगुट, भूगावच्या बाजूला पुणेकरांचे बंगले झालेत आणि त्यांतल्या काही घरांत गोधडी पुन्हा शिवली जाते, छंद म्हणून. नवं कोरं सुती कापड, गोल पात्याचा कटर, रेघा आखलेली चटई, आत भरायला तयार वॅडिंग. चांगलं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे. जिने जन्मभर फाटक्यातून अखंड केलं, त्या आजीला याचं हसू येणार. आलं तर रास्तच आहे. पण त्या हसण्यात एक गृहीत दडलेलं असतं, की तिने स्वतः शिवलं ते निव्वळ गरजेपोटी. ते मात्र मला पटत नाही.

जुनी गोधडी उलगडून बघा. ठिगळ भोकावर असतं, ते कळतं. पण जिथे भोक नाही, फाटलेलं नाही, तिथे कोपऱ्यात लाल त्रिकोण कशाला? मधोमध चोळीच्या खणाचा चौकोन कशाला? काठ सुटा काढून चारी बाजूंनी महिरपीसारखा फिरवायला गरजेने सांगितलं नव्हतं. थंडीला रंग कळत नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं, ते काही या बायका ऊब कशी तयार करत एवढंच दाखवायला नव्हे. म्हणजे छंद तेव्हाही होता; तो गरजेच्या आडोशाने वावरत होता, कारण शेतकऱ्याच्या सुनेला उघडपणे छंद परवडत नाही. ‘पांघरूण शिवते’ म्हटलं की सासूही दुपारभर बसू देते.

फरक आहे तो निवडीच्या जागेत. परदेशी पद्धतीच्या पॅचवर्कमध्ये आधी नक्षी ठरते, मग तिच्या मापाने तुकडे कापायचे, कडेला कड जोडून वरचा पदर पुरा करायचा आणि शेवटी तिन्ही थर शिवायचे. आपल्या गोधडीत बहुधा असा वेगळा पदर नसतो. तुकडा थरावर ठेवला, कड दुमडली आणि धावदोरा सगळ्या थरांतून आरपार घातला. शिवण कडेकडेने फिरत मधल्या भागाकडे येते आणि नक्षी शिवता शिवता ठरत जाते, कारण पुढचा तुकडा केवढा निघेल ते विरलेलं कापड ठरवतं. दुकानात चारशे रंग समोर असले की माणूस पुस्तकातल्या नक्षीचा आधार शोधतो. हाताशी दोन लुगडी आणि एक सदरा असला की स्वतःचं काहीतरी काढावंच लागतं. म्हणून हौशी बाईने कापडाच्या दुकानाआधी स्वतःचं कपाट उघडावं, असं माझं मत आहे. हे काटकसरीसाठी सांगत नाही, काटकसर तिला करायची नसतेच. अडचण हवी म्हणून सांगते आहे. अर्थात अडचणीचं हे कौतुक ज्याच्या अंगावर दुसरं पांघरूण आहे त्यालाच सुचतं, हेही खरं.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीत गुलामांच्या वंशज बायका जुन्या कामाच्या कपड्यांतून अशाच गोधड्या शिवत. १९६६मध्ये त्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली. १९७२मध्ये तिला सिअर्स या बड्या दुकानसाखळीकडून कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचं काम मिळालं. सगळे अभ्रे एकसारखे हवेत, ही अट. पैसा आला, हात बांधले गेले. पण त्या कामातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांतून घरच्यांसाठी मनाला येईल तसं शिवलं. २००२मध्ये जीज बेंडच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. त्यांत हे कॉर्डरॉयही होतं. पुढे काही जणी मोबदल्यावरून कोर्टातही गेल्या. ऑर्डरीचे अभ्रे मात्र कुणी भिंतीवर लावले नाहीत.

आपल्याकडे बचत गटांच्या गोधड्या पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी विकल्या जातात, हे चांगलंच आहे. पण गिऱ्हाईक पडद्याच्या रंगाशी जुळणारी मागतं, आणि पुढच्या खेपेला तशाच दहा. तिथे बंगल्यातली हौशी बाई शिवणारीपेक्षा मोकळी असते, कारण तिला कुणाला काही विकायचं नाही. हे मोकळेपण तिने पुस्तकी नक्षीत घालवावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणखी एक प्रकार होतो. कापड आणि मांडणी बंगल्यातली, धावदोरा गावातल्या बाईचा, मजुरी गोधडीमागे ठरलेली. मग पाहुण्यांना दाखवताना ‘ही मी केली’. मांडणी तिची असेल. पण सगळे थर धरून ठेवणारे हजारो टाके दुसरीचे आहेत, आणि त्या टाक्यांच्या वळणात दुसरीची निवड आहे. मजुरी दिली म्हणजे ते नातं मिटलं, असं मी मानत नाही. गोधडीच्या कडेला नाव घालायची हौस असेलच, तर दोघींचं घालावं, आणि ते कुठल्या रंगाच्या दोऱ्याने घालायचं ते शिवणारीला ठरवू द्यावं.