उतरणाऱ्याने थांबावे

गेल्या हिवाळ्यात धर्मग्रामातील काही तरुणांनी आम्हांला आग्रहाने सायकलसफरीस नेले. मावळातील हा फेरा अनेकांच्या परिचयाचा आहे. कामशेतहून निघावे, पवनानगर गाठावे, धरणाच्या काठाने तिकोना आणि तुंग न्याहाळीत दुधिवरे खिंड चढावी, लोणावळ्याकडे उतरावे आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पुन्हा कामशेतला यावे. आमच्या सायकली जाड, खाचेदार टायरांच्या होत्या. त्यामुळे मधूनमधून डांबरी रस्ता सोडून गुराखी आणि मोळीवाले यांच्या पायवाटांनी जाण्याचा मोह आम्हांला आवरला नाही.

अशाच एका पायवाटेने आम्ही वेगात उतरत होतो. वळणावर अकस्मात एक वृद्ध स्त्री समोर आली. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन ती चढ चढत होती. आम्ही ब्रेक दाबले, पण मुरमावरून मागचे चाक घसरत गेले. ती बाजूच्या करवंदीच्या जाळीत सरकली आणि मोळी खाली पडली. सुदैवाने तिला इजा झाली नाही. आम्ही क्षमा मागितली, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. आमच्यातला एक तरुण तिच्या हातात पैसे ठेवू लागला. ते तिने घेतले नाहीत. सायकलीकडे बोट दाखवून तिने एवढेच विचारले, “थांबाया येत न्हाई व्हय हिला?”

संध्याकाळी तो तरुण आम्हांला म्हणाला, “फादर, आपण तिला मदत केली. आणखी काय करायला हवे होते?” त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. पण ‘मदत’ हा शब्द आमच्या मनात सलत राहिला. जे आम्ही केले ते औदार्य होते, की फेडावयाचे देणे होते?

डोंगरी सायकलस्वारांचे वाटेविषयी काही नियम आहेत. पायी चालणाऱ्याला सायकलस्वाराने वाट द्यावी, आणि दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी, असे ते सांगतात. यामागील कारण साधे आहे. चढणारा एकदा थांबला की सुट्या खडीवर त्याला पुन्हा चाल धरणे कठीण जाते. उतरणाऱ्याला मात्र पुन्हा निघण्यास काहीच सायास पडत नाहीत. शिवाय, वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. म्हणजे ज्याला वेगाचे सुख अधिक, त्याच्या हातून घडू शकणारा अपाय सुखाच्या प्रमाणाबाहेर वाढतो. म्हणून थांबण्याची तयारी त्याने आधीपासून ठेवावयाची असते. वळणावर कोणी दिसल्यावर जागे होणारे सौजन्य तेथे उपयोगी पडत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. फेऱ्यात जेवढा चढ, तेवढाच उतार. आरंभ आणि शेवट एकाच ठिकाणी असल्यामुळे या हिशेबात फरक पडूच शकत नाही. मग आम्ही घाम गाळून कमावलेल्या उतारावर आमचा हक्क नाही काय? आहे, उताराच्या आनंदावर निश्चितच आहे. परंतु श्रमाने उंची मिळते, वाटेची मालकी मिळत नाही. आणि ती स्त्रीही त्याच डोंगरावर घाम गाळीतच होती.

शिवाय, प्रत्येक उतरणारा स्वतः चढलेला असतोच असे नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या, जड सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. आजच्या डोंगरी सायकलीच्या जन्मकथेत त्या शर्यतींना मानाचे स्थान आहे. सुमारे तीन किलोमीटरांत चारशे मीटरांचा तो उतार. ब्रेक इतके तापत की चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. ही मंडळी पुष्कळदा माथ्यावर पोहोचत ती मात्र मालवाहू मोटारीत बसून!

आमचेच पाहा. शेतात राबणाऱ्या आईवडिलांनी आम्हांला शाळेत धाडले. सेमिनरीतील शिक्षण ज्यांच्या देणग्यांवर झाले, त्यांतील बहुतेकांची नावेही आम्हांला ठाऊक नाहीत. आम्हांला माथ्यावर इतरांनी आणून सोडले. तरीही कार्यालयाची वेळ संपल्यावर दाखल्यासाठी एखादी म्हातारी जिना चढून आली आणि आम्ही रजिस्टर उघडले, म्हणजे आपण काही उपकार केला असे आम्हांला वाटत आले आहे. तुमच्या घरी धुणीभांडी करणारी बाई आजारपणाची रजा मागते, तेव्हा पगार न कापणे याला आपण कोणते नाव देतो?

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, असे आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो. दान त्यानंतर येते. देण्यालाच दान म्हटले की दोन गोष्टी घडतात: समोरच्याने आभार मानावेत अशी अपेक्षा जन्मते, आणि मनाला येईल त्या दिवशी ते न देण्याची मोकळीकही आपण घेतो. मोळी उचलून देणे हे औदार्य नव्हते. ती आमच्यामुळेच पडली होती. आमचे खरे देणे वळणाच्या अलीकडेच होते, आणि ते आम्ही चुकविले होते. त्या स्त्रीने पैसे नाकारले, कारण ती दान मागत नव्हती. सायकल थांबते की नाही, एवढेच तिने विचारले होते.

सायकल थांबते. तिचे ब्रेक उत्तम होते, हे आम्हांला कबूल केले पाहिजे.

फेब्रुवारीत आम्ही त्याच तरुणांबरोबर पुन्हा तो फेरा केला. त्या पायवाटेवर आम्ही उतरलो आणि सायकल हाती धरून चालू लागलो. मुलांना हसू आले. “फादर, आज कोणी येत नाही,” एक जण म्हणाला. खरेच कोणी आले नाही. तरीही वळण येईपर्यंत आम्ही चालतच गेलो. थोड्या वेळाने मागे वळून पाहिले, तेव्हा तो पैसे देऊ करणारा तरुणही खाली उतरला होता.