मंत्रालयातल्या भाचीस

पलूस

चि. ताईस,


तू कक्ष अधिकारी म्हणून मंत्रालयात रुजू झालीस, इकडे पेढे वाटून झाले. बागेतली छाटणीही उरकली. आता मामाचा हक्क बजावतो. समोर कागद आला की आधी विचार कर, हा निर्णय गावात झाला असता का? होण्याजोगा असेल, तर तो वर ओढू नकोस.

ही शिकवण आपल्याच शिवारातली आहे. आपल्या पलूसजवळचं कुंडल स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 21 जानेवारी 1939 ला, गांधीजींचा सल्ला घेऊन तयार केलेली राज्यघटना जाहीर केली आणि राजा असून आपले अधिकार रयतेच्या हाती दिले. उण्यापुऱ्या 72 गावांचं राज्य. पण पंचायती लोकांनी निवडायच्या, तंटे गावात मिटवायचे, शेतसाऱ्याचा मोठा वाटा गावातच ठेवायचा, अशी ती रीत.

आज मात्र साबणाच्या वडीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंतचा जीएसटी दिल्ली-मुंबईच्या तिजोरीत जातो. ग्रामपंचायतीच्या हाती उरते घरपट्टी, पाणीपट्टी. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या निधीतही 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली. गावाची नड दुसरी असली तरी इलाज नव्हता. शिवाय आपल्या जिल्हा परिषदेची मुदत 2022 मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाने हाकला.

जिथे सही मिळते, तिथे पैसा मुक्कामाला जातो. परवाना, अनुदान, मंजुरी सगळं राजधानीत, म्हणून उद्योजकाची कचेरीही तिथे, वकीलही तिथे, मध्यस्थही तिथेच. पण याच औंधच्या राजाने दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये नांगराचा कारखाना उभा केला. मुंबईचे खेटे न घालताही उद्योग उभा राहतो, याचा पुरावा तुझ्या आजोळापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पण गावाला देव्हाऱ्यात बसवू नकोस. गावकी एखाद्याला वाळीत टाकते, तेव्हा त्याने दाद मागायची कुठे? म्हणूनच बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत, घटनेच्या मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचं समाधान व्यक्त केलं. आपल्या राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला, तो सरकारच्या खऱ्या कामाचा नमुना. एकट्या माणसाच्या पाठीशी सरकारने ठाम उभं राहावं. गावाने दिवे कुठल्या गल्लीत लावायचे, यात नाक खुपसू नये. मुंबईत बसून ही सीमारेषा सांभाळणं अवघड असतं, कारण तिथे प्रत्येक खात्याला आपल्यावाचून गाव अडेल असंच वाटतं.

शासन निर्णयाचा मसुदा करायला बसशील, तेव्हा ‘शासनाची पूर्वमान्यता आवश्यक राहील’ हे वाक्य सवयीने येईलच. ते कशासाठी लागतं, हे स्वतःला पटवून दे. पटलं नाही, तर ते वगळावं अशी टिप्पणी वरिष्ठांकडे ठेव.

तुझा,
मामा