निमित्त आणि कारण

मरणाला काहीतरी निमित्त लागते, असे आपल्याकडे म्हणतात. कोणी न्हाणीघरात पाय घसरून पडते, कोणाची सर्दी पावसाळ्यात छातीत उतरते, कोणाला पेजेचा ठसका लागतो. आणि तेवढे निमित्त पुरे होते. या साध्या बोलण्यात मोठा विवेक आहे. निमित्त म्हणजे कारण नव्हे, हे बोलणारा जाणून असतो. कारण फार आधीपासून निमूटपणे आपले काम करीत आलेले असते. निमित्त केवळ शेवटच्या दिवशी दार उघडते. परंतु घरातील वृद्ध व्यक्तीचे स्मृतिभ्रंशाच्या अवस्थेत देहावसान होते, तेव्हा हाच विवेक आपल्याला सोडून जातो. निमित्तालाच आपण कारण समजतो आणि खऱ्या कारणाला ‘वय झाले होते’ म्हणून बाजूला सारतो. या गल्लतीची किंमत कोणाला मोजावी लागते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आम्हां वकील मंडळींच्या हाती मृत्यूचे कागद नेहमी येतात. वारसाची नोंद असो, विम्याची रक्कम असो, बँकेतील ठेव असो, दाखला लागतोच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मिळणाऱ्या या दाखल्यावर मृत्यूचे कारण दाखविता येत नाही. ते डॉक्टरांनी दिलेल्या वेगळ्या प्रमाणपत्रात असते. आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याची प्रत जवळच्या नातलगाला देण्याची तरतूद झाली आहे. या प्रमाणपत्राची मांडणी मनन करण्याजोगी आहे. पहिल्या भागात वरच्या ओळीवर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले तो विकार, आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहावयाचे. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे इतर विकार. म्हणजे निमित्त माथ्यावर आणि कारण तळाशी. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडले’ एवढ्यावर कागद पुरा होतो. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते मरणाचे वर्णन झाले, कारण नव्हे. शिवाय २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीय रीत्या प्रमाणित झाले होते. आमच्या अनगोळात, किंबहुना सबंध बेळगाव-निपाणी भागात, डॉक्टरांचा कागद इंग्रजीत, सरकारी नोंद कानडीत आणि घरचा शोक मराठीत किंवा कोंकणीत असतो. इतक्या भाषांतून एक मरण फिरते. पण स्मृतिभ्रंशाचे नाव यांपैकी एकीतही सहसा उमटत नाही. घरी त्याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय संपतो.

स्मृतिभ्रंश हा नुसता विसरभोळेपणा असता, तर त्याने कोणी दगावले नसते. पण तो मेंदूचा क्षय आहे, आणि मेंदूवाचून शरीरातील कोणते काम चालते? प्रथम नावे जातात, मग वाटा, मग माणसे. आणि सरतेशेवटी घास गिळण्याची क्रियाही देह विसरतो. अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरतो व त्यातून न्यूमोनिया होतो. अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होतात, मूत्रमार्गात जंतू शिरतात. तहान लागली, छातीत दुखते, हे रोग्याला सांगता येत नाही. म्हणून इतर आजारही उशिरा कळतात. १९०६ साली जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्णस्त्रीची हकीकत विद्वानांपुढे ठेवली, ती त्याच वर्षी एप्रिलमध्ये ५५ व्या वर्षी वारली होती. आणि तिच्या मरणाचे निमित्तही शय्याव्रणांतून रक्तात भिनलेले विष हेच होते. मूळ रोग मेंदूत होता, हे तो मेंदू तपासला तेव्हा दिसले.

अमेरिकेतील बॉस्टन परिसरात २२ शुश्रूषागृहांतील अखेरच्या अवस्थेच्या ३२३ रोग्यांचे १८ महिने निरीक्षण करण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक, ५४.८ टक्के, रोगी त्या मुदतीत वारले. सुमारे ८६ टक्के रोग्यांना खाण्यागिळण्याची अडचण झाली, निम्म्यांहून अधिकांना ताप आला आणि ४१ टक्क्यांना न्यूमोनिया. हृदयविकाराच्या झटक्यासारखे दुसरे मोठे संकट येऊन मेले असे रोगी थोडेच. सारांश, स्मृतिभ्रंश हा स्वतःच प्राणघातक रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या आकड्यांत जगातील मृत्यूच्या कारणांत त्याला सातवे स्थान दिले. आपल्या देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख माणसांना हा रोग असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कारण लपले म्हणजे दोष निमित्ताच्या माथी बसतो. आणि निमित्ताजवळ त्या क्षणी कोण असते? बहुधा घरातील सून, नाही तर लेक. सहा-सहा वर्षे जिने अंग पुसले, रात्री-अपरात्री उठून दाराची कडी पाहिली, तिच्याच हातचा शेवटचा घास असतो. बाराव्याला जमलेल्या नातलगांत कुजबुज होते की, पेज घाईने भरविली, म्हणून ठसका लागला. कोणी बोलले नाही तरी ती स्वतःच स्वतःवर आरोप ठेवते, आणि त्या आरोपाची सुनावणी कधीही संपत नाही. कायद्यात आम्ही विचारतो की, हे कृत्य घडले नसते तर परिणाम टळला असता काय? येथे उत्तर स्पष्ट आहे. तो घास नसता तर पुढच्या आठवड्यातला दुसरा घास असता; गिळण्याची शक्तीच नष्ट झाली होती. ज्या घरात हे आधी समजावून सांगितले गेले, त्या घरात सेवा करणारीच्या पदरी निदान अपराधाचे ओझे तरी येत नाही. खरे कारण उच्चारणे हा केवळ शास्त्राचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे तो यासाठी.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. रोग मारणाराच आहे असे एकदा ठरले, की लोक हात झटकतील. ओल्या अंथरुणात म्हातारीला तशीच ठेवतील आणि म्हणतील, रोगाने नेले. ही भीती निराधार नाही. परंतु कारण वेगळे आणि कर्तव्य वेगळे. कुशीवर वळविले नाही म्हणून झालेले व्रण ही हेळसांडच होय. मूळ रोगाचे नाव सांगून ती झाकता येणार नाही. उलट रोगाचे नाव कळले तरच काय करावयाचे हे कळते. घास लहान द्यावा, बसवून द्यावा, घाई करू नये. या अवस्थेत नळीने अन्न घालून आयुष्य वाढते असा पुरावा नाही. अमेरिकेतील वार्धक्यचिकित्सकांच्या संस्थेनेही २०१४ साली नळीऐवजी हाताने सावकाश भरविण्याचाच सल्ला दिला. बॉस्टनच्या अभ्यासातही हेच दिसले की, ज्यांच्या आप्तांना रोगाची अखेर कशी होते हे ठाऊक होते, त्या रोग्यांना शेवटच्या महिन्यांत सुया, नळ्या व इस्पितळाच्या फेऱ्या यांचा छळ पुष्कळ कमी झाला. ज्ञानाने येथे माया आटली नाही. तिला योग्य वाट मिळाली.

कायद्यानेही अलीकडे ही वाट मोकळी केली आहे. उत्तर कानडा जिल्ह्यातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या अखेरपर्यंत शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचा विकार स्मृतिभ्रंशाचा नव्हता. परंतु १८ मे २०१५ रोजी त्यांचे प्राण गेले ते न्यूमोनियाने. निमित्त आणि कारण यांत एकेचाळीस वर्षांचे अंतर असू शकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण कोणते? त्यांच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे मानून, उपचार थांबविण्याची मागणी नाकारली; पण अशा मागणीचा विचार होऊ शकतो हे तत्त्व मान्य केले. पुढे २०१८ च्या निकालाने सज्ञान व सुबुद्ध माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याचा अधिकार मिळाला, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कर्नाटक सरकारने त्यासंबंधी ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रकही काढले. मात्र ध्यानात ठेवावे की, बुद्धी शाबूत असतानाच हे पत्र करता येते. स्मृती गेल्यावर सही घेण्याचा प्रयत्न हा पुढील दाव्याचा पाया होतो, दुसरे काही नाही.

उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न. ज्याची स्मृती गेली, तो माणूस उरला काय? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने व्यक्तीची ओळख जाणीव व स्मरण यांवर उभी केली. आपल्याकडेही क्षणिकवादाचे खंडन करताना ब्रह्मसूत्रांनी स्मरणाचा दाखला दिला. परंतु स्मरण हे आत्म्याचे गमक मानले, तरी गमक नाहीसे झाल्याने गम्य नाहीसे होत नाही. धूर दिसेनासा झाला म्हणून अग्नी विझलाच असे नैयायिकही म्हणणार नाही. कोणी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील, स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश आणि त्यापासून सर्वनाश सांगणारी साखळी पुढे करील. पण ती साखळी विषयचिंतनापासून आणि क्रोधापासून सुरू होते. ती सावध माणसाच्या अधःपाताविषयी आहे, मेंदूच्या रोगाविषयी नव्हे. आजारी आजोबांवर ती लावणे हा ग्रंथावरही अन्याय आणि आजोबांवरही.

आपला आचार या बाबतीत तत्त्वज्ञानाहून अधिक निःसंदिग्ध आहे. श्राद्धात आपण पिता, पितामह, प्रपितामह यांचे नाव-गोत्र उच्चारतो. ते आपल्याला ओळखतात किंवा नाही, असे कोणी विचारीत नाही. नाते टिकविण्यासाठी एका बाजूचे स्मरण पुरे, असेच तेथे गृहीत आहे. जो नियम दिवंगताला लागू, तो समोर खाटेवर जिवंत असलेल्याला अधिकच लागू. तिला आपले नाव आठवत नाही, तर ते आपण आठवावे व घ्यावे. आणि तिच्यामागे, डॉक्टरांच्या कागदावर व नातलगांच्या बोलण्यात, तिला नेणाऱ्या रोगाचेही खरे नाव घ्यावे. त्याने गेलेली माणसे परत येणार नाहीत. पण ज्यांनी त्यांना शेवटपर्यंत भरविले, त्यांना मान वर करून पंगतीत बसता येईल.