गिऱ्हाईक नसलेला बाजार

टोकियोत १९७५पासून अ‍ॅनिमे-मांगाच्या चाहत्यांचं ‘कॉमिक मार्केट’ भरतं. नावात बाजार असला तरी आयोजक कुणालाच गिऱ्हाईक मानत नाहीत. स्वतः काढलेली पुस्तकं विकणारा, ती घेणारा, फुकट राबणारा स्वयंसेवक, सगळे सहभागी. ऑगस्टच्या उन्हात मित्रांसोबत तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर तक्रार तरी कुणाकडे करणार? रांग आपलीच!

खरी कसोटी मला वेशभूषेपाशी लागते असं वाटतं. आवडत्या पात्राच्या पोशाखातली मुलगी लोकांनी पाहावं म्हणूनच नटलेली असते. तरी फोटोआधी तिला विचारायचं, असा तिथला नियम. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला विचारावंसं वाटत नाही. सहभागी माणसाला विचारावं लागतं, नकारही ऐकावा लागतो. पण पाच मित्र एकदम मोबाइल उगारतात, तेव्हा विचारायचं कुणी, हे त्यांच्यात ठरलेलं नसतं.